शब्द कोठून येतात?

सहा वर्षांचे मूल पहिल्या दिवशी शाळेत येते तेव्हा त्याच्या पाटीवर एकही अक्षर नसते. परंतु ते मूल रिकाम्या हाताने आलेले नसते. त्याच्यापाशी काही हजार शब्दांचे भांडवल असते. ‘आई’, ‘भाकरी’, ‘ऊन’, ‘उद्या’, ‘नको’, ‘कशाला’ हे शब्द त्याला कोणी फळ्यावर लिहून शिकवले नाहीत, त्यांचा अर्थ कोणी कोशात पाहून सांगितला नाही. मग ही संपत्ती त्याला कोणी दिली? उत्तर सोपे आहे: त्याच्या कानांनी.

आपल्या पूर्वजांनी हे सत्य फार पूर्वीच ओळखले होते. ज्याला पुष्कळ ज्ञान आहे अशा माणसास आपण ‘बहुश्रुत’ म्हणतो. या शब्दाचा मूळ अर्थ पाहा: ज्याने पुष्कळ ऐकले आहे तो बहुश्रुत. पिढ्यान्‌पिढ्या ऐकून जपलेल्या वेदांना ‘श्रुती’ हे नाव पडले. शाळेत गुरुजी सांगतात आणि आपण लिहितो ते ‘श्रुतलेखन’. एखादी बातमी आपल्या ‘कानावर पडते’, ती ‘कर्णोपकर्णी’ होते आणि खात्री नसली तर आपण तिला ‘ऐकीव’ म्हणतो. भाषेचा आणि कानांचा संबंध किती निकटचा आहे, हे भाषा स्वतःच आपणांस सांगत असते.

हा संबंध जुळतो तरी कसा? ध्वनी म्हणजे हवेची कंपने. ती कानाच्या नलिकेतून आत शिरतात आणि कर्णपटलावर आदळतात. कर्णपटल ढोलकीच्या चामड्याप्रमाणे थरथरते. त्याला लागून हातोडी, ऐरण आणि रिकीब या नावांची तीन इवलीशी हाडे आहेत. ती ही थरथर आतल्या कर्णावर्तापर्यंत पोहोचवतात. कर्णावर्त गोगलगाईच्या शंखासारखा वळलेला असून त्यात द्रव भरलेला असतो. त्या द्रवात सुमारे पंधरा हजार रोमपेशी डोलत असतात. कंपने येताच या पेशी विजेचे सूक्ष्म संदेश निर्माण करतात व ते मज्जातंतूंवाटे मेंदूकडे जातात. खरे ऐकतो तो मेंदू. कान हा त्याचा द्वारपाल होय.

हा द्वारपाल मुलाच्या जन्माआधीच कामास लागतो. आईच्या उदरात असतानाच बाळाला तिचा आवाज ऐकू येऊ लागतो आणि जन्मल्यावर ते इतर आवाजांतून तो निवडून ओळखते. पुढचे वर्षभर ते बोलत नाही, पण ऐकण्याचे काम अखंड चालू असते. १९८४ साली कॅनडातील जॅनेट वेरकर आणि रिचर्ड टीस या संशोधकांनी एक मनोरंजक प्रयोग प्रसिद्ध केला. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील तान्ह्या मुलांना त्यांनी आपल्याकडील ‘ट’ आणि ‘त’ हे ध्वनी ऐकवले. इंग्रजीत हा भेद नाही. तरीही सहा ते आठ महिन्यांच्या मुलांना तो सहज कळला. परंतु वर्षाच्या आसपास पोहोचलेल्या मुलांना तो कळेनासा झाला. जे ध्वनी घरात ऐकू येत नाहीत, त्यांच्याकडे दुर्लक्ष करण्यास त्यांचे कान शिकले होते. आपल्या घरातील मूल मात्र ‘टाळ’ आणि ‘ताळ’, ‘टाक’ आणि ‘ताक’ यांत कधीही घोटाळा करत नाही. कारण पहिला शब्द उच्चारण्यापूर्वीच त्याच्या कानांनी मराठीची मुळाक्षरे घोटून ठेवलेली असतात.

शब्दांची ओळख माणसांच्या ओळखीसारखीच असते. एकदा दिसलेला माणूस आपण विसरतो. रोज भेटणारा शेजारी न सांगता ओळखीचा होतो. शब्दही असेच वारंवार भेटून परिचित होतात. आपल्या सोलापुराचे उदाहरण घ्या. या नगरीत मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चार भाषा एकाच बाजारात नांदतात. पूर्व भागात राहणारे विणकराचे मूल घरी तेलुगू, शाळेत मराठी आणि रस्त्यावर कन्नड व उर्दू ऐकते. ‘माग’, ‘धोटा’, ‘कांडी’, ‘फणी’, ‘ताणा’, ‘बाणा’ हे शब्द त्याला कोणी मुद्दाम शिकवत नाही. वडील मागावर बसले असता, आई कांड्या भरत असता, मोठी माणसे आपसांत बोलत असता ते शब्द त्याच्या कानावर पडतात आणि कायमचे घर करून राहतात. मोठ्यांचे बोलणे मुलांसाठी नसते, तरी मुले ते ऐकतात. भाषेचा फार मोठा भाग अशा न शिकवता झालेल्या शिक्षणाने येतो.

आता अशी कल्पना करा की त्याच घरात, त्याच मागाशेजारी एक मूल वाढत आहे आणि त्याला जन्मतःच ऐकू येत नाही. माग हलताना त्याला दिसतो, जमिनीची थरथर त्याच्या पावलांना कळते, आईचे ओठ हलताना दिसतात. परंतु शब्द त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. त्याची बुद्धी इतर मुलांसारखीच तल्लख असते. त्याचा कंठ, जीभ, ओठ हे सारे अवयव बहुधा शाबूत असतात. तरी ते बोलत नाही. कारण जे कधी ऐकलेच नाही त्याचे अनुकरण करणार कसे? पूर्वी अशा मुलांस लोक ‘मूकबधिर’ म्हणत. जणू काही मुकेपणा हा दुसरा निराळा दोष आहे! वस्तुतः दोष एकच, तो कानाचा. म्हणून आज ‘कर्णबधिर’ किंवा ‘श्रवणबाधित’ हे शब्द अधिक योग्य मानले जातात.

‘ऐकू येत नसेल तर ओठ पाहून समजून घ्यावे’ असे आपणांस वाटते. ते किती कठीण आहे, हे तुम्ही वर्गातच पडताळून पाहा. एका मित्रासमोर आवाज न काढता ‘पान’, ‘बाण’ आणि ‘मान’ हे तीन शब्द उच्चारा आणि कोणता शब्द केव्हा म्हटला हे त्याला ओळखण्यास सांगा. त्याची फसगत होईल. ‘प’, ‘ब’ आणि ‘म’ ही तिन्ही अक्षरे दोन्ही ओठ मिटूनच उच्चारली जातात. डोळ्यांना ती सारखीच दिसतात. ‘काय’ आणि ‘गाय’ यांतील ‘क’ व ‘ग’ तर घशाजवळ निर्माण होतात; ओठांवर त्यांची खूणही उमटत नाही. ओठवाचन करणारा माणूस निम्मे पाहतो आणि निम्मे संदर्भावरून ताडतो. परंतु संदर्भावरून शब्द ताडायचा तर तो शब्द आधी ओळखीचा असावा लागतो, आणि खरी अडचण नेमकी येथेच आहे.

अशा मुलांना बोलण्यास शिकवणारे शिक्षक या अडचणीवर स्पर्शाने मात करतात. गळ्यावर बोटे ठेवून ‘ब’ म्हणा, कंप जाणवेल. ‘प’ म्हणताना तसा कंप जाणवत नाही. नाकपुडीवर बोट ठेवून ‘म’ म्हणा. तेथेही थरथर कळेल. ओठांसमोर कागदाची पातळ पट्टी धरून ‘प’ आणि ‘फ’ म्हणा. ‘फ’च्या श्वासाने पट्टी अधिक हलेल. आपण विचार न करता जी अक्षरे बोलतो, ती एकेक करून हाताने चाचपत शिकावी लागणे याला केवढे धैर्य आणि केवढी चिकाटी लागत असेल!

वाचनाने शब्द येतात, हे खरे. डोळ्यांवाटे आलेल्या शब्दांची काही वैशिष्ट्ये असतात आणि कानांवाटे आलेल्या शब्दांची काही निराळी. ‘सुत’ म्हणजे पुत्र आणि ‘सूत’ म्हणजे धागा. ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे गरीब. बोलताना या जोड्यांतील फरक बहुधा कानाला कळत नाही. डोळ्याला मात्र तत्काळ कळतो. याच्या उलट ‘जरा’ हा शब्द घ्या. ‘जरा थांब’ यातील ‘ज’ निराळा आणि वार्धक्य या अर्थाच्या ‘जरा’ शब्दातील ‘ज’ निराळा.  हा भेद कोणत्याही अक्षरात लिहिलेला नाही. तो फक्त कानच शिकवतो.

आपली मराठी तर ध्वनींवरून घडलेल्या शब्दांनी समृद्ध आहे. ओढा खळखळतो, पाने सळसळतात, पैंजण छुमछुमतात, पाऊस रिमझिमतो, माग खटखटतो. ऐकणाऱ्या मुलाला हे शब्द समजावून द्यावे लागत नाहीत. शब्दातूनच ध्वनी ऐकू येतो. ज्याने ओढा ऐकलाच नाही त्याला ‘खळखळ’ हा शब्द पाठ करावा लागतो. तो त्याचा अर्थ सांगू शकेल, वाक्यात उपयोगही करील. परंतु त्या शब्दाशी आपली जी सलगी आहे ती त्याची नसेल. आणखी एक अडचण आहे. ‘मांजराने उंदराला पकडले’ या वाक्याचा सारा अर्थ ‘ने’ आणि ‘ला’ या दोन प्रत्ययांवर उभा आहे. ते बोलताना हलकेच उच्चारले जातात आणि ओठांवर जेमतेम दिसतात. म्हणून ज्यांना कमी ऐकू येते अशा मुलांच्या लेखनात पुष्कळदा नामे व क्रियापदे बरोबर असतात, पण प्रत्यय गळतात किंवा चुकतात. हा बुद्धीचा दोष नव्हे, आळसही नव्हे. जी वस्तू कानापर्यंत आलीच नाही, ती लेखणीत कोठून येणार?

म्हणून ऐकू न येणाऱ्या मुलाला भाषाच मिळत नाही असे समजू नका. मानवी मन भाषेसाठी इतके आतुर असते की कानाचे दार बंद असले तर ते डोळ्याच्या दाराने भाषा आत घेते. सांकेतिक भाषा म्हणजे नुसते हातवारे नव्हेत. तिला स्वतःचा शब्दसंग्रह आहे आणि स्वतःचे व्याकरण आहे. हाताचा आकार, त्याची जागा, त्याची गती आणि चेहऱ्यावरील भाव या सर्वांनी मिळून तिचा शब्द बनतो. ज्या घरात आईवडील सांकेतिक भाषा वापरतात त्या घरातील कर्णबधिर तान्हे बाळ हातांनी ‘बोबडे’ बोलते, असे १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. ऐकणारे बाळ ‘बाबाबा’ म्हणते, त्याच वयात हे बाळ बोटांच्या तशाच लयबद्ध हालचाली करते. मध्य अमेरिकेतील निकाराग्वा देशात याहूनही विलक्षण गोष्ट घडली. १९७७ नंतर तेथे कर्णबधिर मुले प्रथमच मोठ्या संख्येने शाळांत एकत्र आली. त्यांना कोणतीही सांकेतिक भाषा कोणी शिकवली नव्हती. मुलांनी घरगुती खुणांची देवाणघेवाण करत काही वर्षांत स्वतःची एक नवी भाषा निर्माण केली आणि पाठोपाठ आलेल्या लहान मुलांनी तिला व्याकरणाची शिस्त आणली.

आपल्या देशात कर्णबधिर मुलांच्या शिक्षणाचा संघटित प्रारंभ १८८०च्या दशकात मुंबईत झाला. १९८३ साली मुंबईतच या विषयाला वाहिलेली राष्ट्रीय संस्था उभी राहिली व तिला महाराष्ट्राचे माजी राज्यपाल अली यावर जंग यांचे नाव देण्यात आले. २०१५ साली नवी दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषेचे संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले. त्या केंद्राने २०१८ साली तीन हजार शब्दांचा कोश प्रसिद्ध केला. २०२१ साली तो दहा हजार शब्दांपर्यंत पोहोचला. या कोशात शब्दापुढे छापील अर्थाबरोबर हातांची हालचाल दाखवणारी चलच्चित्रे आहेत. डोळ्यांनी ऐकणाऱ्यांचा हा कोश होय.

शब्दाचे मोल किती, हे जाणून घ्यायचे असेल तर हेलन केलर यांचे चरित्र वाचावे. त्यांचा जन्म १८८० साली अमेरिकेत झाला. एकोणीस महिन्यांच्या असताना त्यांना तीव्र आजार झाला आणि दृष्टी व श्रवण दोन्ही गेली. त्यापूर्वी त्या काही शब्द बोलू लागल्या होत्या. ते सारे विरून गेले. केवळ पाण्यासाठी उच्चारलेला एक अर्धवट ध्वनी तेवढा त्यांच्या ओठांवर टिकून राहिला. मार्च १८८७ मध्ये ॲन सुलिव्हन या तरुण शिक्षिका त्यांच्या घरी आल्या. त्या हेलनच्या तळहातावर बोटांनी अक्षरे काढत; परंतु त्या खेळाचा अर्थ हेलनला उमगत नव्हता. ५ एप्रिल रोजी बाईंनी तिचा एक हात पंपाच्या वाहत्या पाण्याखाली धरला आणि दुसऱ्या तळहातावर ‘पाणी’ या अर्थाची अक्षरे पुन्हा पुन्हा काढली. त्या क्षणी सहा वर्षांच्या त्या मुलीला उमजले की जगातील प्रत्येक वस्तूला नाव असते! त्या दिवशी तिने आणखी कितीतरी नावे विचारून घेतली. पुढे त्या पदवीधर झाल्या, त्यांनी ग्रंथ लिहिले आणि १९५५ साली, वयाच्या ७४ व्या वर्षी, आपल्या देशालाही भेट दिली. ज्या मार्गाने शब्द येतात तो मार्ग कानाचा असो, डोळ्याचा असो वा स्पर्शाचा; तो उघडणारा कोणीतरी भेटला पाहिजे, हेच या चरित्रातून दिसते.

काही माणसांना शब्द पूर्णपणे अवगत झाल्यावर श्रवण गमवावे लागते. सोलापूरकरांना हे सांगावयास नको. चादरी आणि टॉवेल विणणाऱ्या यंत्रमागांच्या शेडमध्ये आवाज अनेकदा ९० डेसिबलच्या पुढे जातो. साधे संभाषण सुमारे ६० डेसिबलचे असते. दिवसातून आठ तास ८५ डेसिबल ही कानांच्या दृष्टीने सोसण्याची मर्यादा मानतात आणि दर तीन डेसिबल वाढीबरोबर हा अवधी निम्म्यावर येतो. म्हणजे ९१ डेसिबलच्या आवाजात दोन तासांहून अधिक राहणे धोक्याचे. वर्षानुवर्षे अशा आवाजात उभे राहिलेल्या विणकराच्या कर्णावर्तातील रोमपेशी हळूहळू मरतात आणि मनुष्याच्या शरीरात त्या पुन्हा उगवत नाहीत. प्रथम जातात त्या उंच स्वराचे ध्वनी टिपणाऱ्या पेशी. त्यामुळे ‘आ’, ‘ओ’ हे स्वर ऐकू येतात, पण ‘स’, ‘श’, ‘ख’, ‘थ’ यांसारखी व्यंजने हरवतात. मग वृद्ध विणकर म्हणतो, “आवाज ऐकू येतो रे, पण शब्द कळत नाही.” त्याचे हे म्हणणे अक्षरशः खरे असते. घरातील माणसे मात्र ‘आजोबा हवे तेवढेच ऐकतात’ असे म्हणून हसतात. ते हसणे अन्यायाचे आहे. ज्या चादरीच्या उबेत आपण निजतो, तिच्या किमतीत त्या आजोबांचे कानही मोडलेले असतात.

इंग्लंडातील लँकेशायर परगण्यातही कापडाच्या गिरण्या होत्या. तेथील विणकर स्त्रियांनी मागांच्या गोंगाटात ओठ ठळकपणे हलवून आणि हातांच्या खुणा करून बोलण्याची एक खास रीत घडवली होती. तिला त्या ‘मी-मॉइंग’ म्हणत. कान बधिर करणाऱ्या जागीही माणसे बोलण्याची वाट शोधतातच. परंतु वाट शोधण्यापेक्षा कान वाचवणे अधिक शहाणपणाचे. कामगारांनी कानात बोळे किंवा कानांवर संरक्षक टोप्या घालाव्यात. तुम्हीही लक्षात ठेवा: कानात काडी घालू नये, कान वाहू लागल्यास डॉक्टरांकडे जावे आणि कानात यंत्र खुपसून मोठ्याने गाणी ऐकू नयेत. जे माग विणकराच्या कानाचे करतो, तेच हे लहानसे यंत्र तुमच्या कानाचे करू शकते.

तान्ह्या मुलांच्या बाबतीत सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे वेळ. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात झालेला एक अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध झाला. ज्या मुलांचा बहिरेपणा पहिल्या सहा महिन्यांत ओळखला गेला आणि लगेच उपाय सुरू झाले, त्यांची भाषा उशिरा ओळखल्या गेलेल्या मुलांपेक्षा पुष्कळ चांगली वाढली. आज नवजात बालकाच्या श्रवणाची परीक्षा काही मिनिटांत होते. कानात लहानसा बोळा ठेवून सूक्ष्म ध्वनी सोडतात. निरोगी कर्णावर्त त्या ध्वनीला स्वतःच एक अतिसूक्ष्म प्रतिध्वनी परत पाठवतो आणि यंत्र तो टिपते. दोष आढळल्यास श्रवणयंत्र, शस्त्रक्रियेने बसवलेले कृत्रिम कर्णावर्त किंवा सांकेतिक भाषा, यांपैकी योग्य तो मार्ग निवडता येतो. ‘थोडे थांबू, बोलेल हळूहळू’ असे म्हणत दोन-तीन वर्षे दवडणारे आईवडील मुलावर मायाच करत असतात. पण त्या काळात शब्दांच्या पेरणीचा हंगाम निघून जातो.

आणि आपण? तुमच्या वर्गात किंवा गल्लीत कमी ऐकू येणारा एखादा सोबती असेल, तर त्याच्याशी समोरासमोर उभे राहून बोला. तोंडावर उजेड असू द्या. तोंडापुढे हात किंवा पुस्तक धरू नका. ओरडू नका, ओरडल्याने ओठांचा आकार बिघडतो. शब्द स्पष्ट व बेताने उच्चारा. तो कळला नाही तर तोच शब्द दहा वेळा न सांगता दुसरा शब्द योजा किंवा लिहून दाखवा. सर्वजण हसत असता त्याने “काय झाले?” असे विचारले, तर “काही नाही” असे उत्तर कधीही देऊ नका. जे शब्द इतरांच्या कानावर सहज पडतात, ते त्याला कोणीतरी हाती द्यावे लागतात. ते देणारा मित्र तुम्ही व्हा. शब्द ही अशी संपत्ती आहे की ती दुसऱ्याला दिल्याने आपली रतीभरही कमी होत नाही.

स्वाध्याय

१. ‘बहुश्रुत’ या शब्दाचा मूळ अर्थ सांगून त्याचा भाषेशी असलेला संबंध स्पष्ट करा.
२. ‘मूकबधिर’ या शब्दापेक्षा ‘कर्णबधिर’ हा शब्द अधिक योग्य का?
३. वृद्ध विणकराला आवाज ऐकू येतो, पण शब्द कळत नाही. याचे कारण लिहा.
४. खळखळ, सळसळ यांसारखे आणखी दहा शब्द शोधा आणि ते ध्वनी कधीही न ऐकलेल्या सोबत्याला त्यांचा अर्थ कसा समजावून द्याल ते लिहा.
५. उपक्रम: उच्चार भिन्न पण लेखन सारखे, तसेच उच्चार सारखा पण लेखन भिन्न, अशा शब्दांच्या प्रत्येकी तीन जोड्या जमवा.